सणाचें ताट व शेतकऱ्याचें घर

पेणच्या कारखान्यांतून गणपति घरोघर निघाले कीं आमच्या पेण व रोहें तालुक्यांत सणांची रीघ लागते ती दिवाळीपर्यंत. त्यांबरोबरच तळलेल्या व गोड जिनसांचे पुडेहि घरांत शिरतात. आमची तक्रार सणांविषयीं नाहीं, या पुड्यांविषयीं आहे.

वाडवडिलांनीं सणाचें ताट शेत पाहून मांडिलें होतें. मोदक तांदळाच्या पिठाचे, वाफेवर उकडलेले. पातोळे हळदीच्या पानांतले. ऋषिपंचमीची भाजी बैलाच्या श्रमावांचून पिकलेली. दिवाळीस नव्या भाताचे पोहे. आज आपण भात विकून मैदा, साखर व तेल विकत आणतों. देशास लागणाऱ्या खाद्यतेलापैकीं निम्म्याहून अधिक परदेशांतून येतें, हेंहि विसरूं नये.

पूर्वीं गोडधोड नांगरणी-लावणीच्या कष्टांत जिरत असे. आतां पुष्कळ कामें यंत्रें करितात, खाणें मात्र तेंच राहिलें. वरून घातलेल्या साखरेपासूनची शक्ति एकंदर आहाराच्या १० शतांशांहून कमी असावी, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं सुचविलें. साधारण प्रौढ माणसास ही मर्यादा दिवसाला सुमारें ५० ग्रॅम पडते, आणि गूळहि याच हिशेबांत धरावा लागतो.

करंजी तळूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. ती सणाच्या दिवशीं खावी. महिनाभर डबा भरून ठेवूं नये. रोजच्या जेवणांत नाचणीची भाकरी, वाल, परसांतील अळू व कमी सडलेला तांदूळ असावा. हें सर्व आपल्याच बांधावर पिकतें. शेतकरी बंधुभगिनींनीं आधीं तें आपल्या ताटांत वाढावें, उरेल तें बाजारीं न्यावें.