श्रमदान आणि फुकटचे श्रम

माध्यमिक शाळेचा दिवस सुरू होतो तो शिपायाच्या हातातील किल्ल्यांच्या जुडग्याने. वर्ग झाडणे, पिण्याचे पाणी भरणे, वेळेवर घंटा देणे, स्वच्छतागृहे धुणे, प्रयोगशाळेतील आम्लाच्या बाटल्या कुलपात ठेवणे, दाखले लिहिणे, ग्रंथालयातील पुस्तकांची देवघेव पाहणे, या सर्व कामांच्या पायावर अध्यापन उभे असते. महाराष्ट्रातील खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ साली जो सेवाशर्तींचा कायदा झाला, त्याने आणि १९८१ च्या नियमावलीने शिक्षकांबरोबरच लिपिक, परिचर, शिपाई, पहारेकरी व सफाईगार यांनाही संरक्षण दिले. शाळा चालविणारा प्रत्येक हात हा शाळेचाच हात आहे, हे तत्त्व त्यामुळे कायद्यात आले.

डिसेंबर २०२० मध्ये शासनाने या तत्त्वालाच छेद दिला. अनुदानित शाळांतील चतुर्थश्रेणी कर्मचारी निवृत्त होत जातील तसतशी त्यांची पदे संपुष्टात आणावयाची आणि नियमित वेतनाऐवजी शाळेला ठोक ‘शिपाई भत्ता’ द्यावयाचा, असा निर्णय काढण्यात आला. भत्त्याचा दर मुंबई-पुण्यात दरमहा १०,००० रुपये, अन्य महानगरांत ७,५०० आणि उर्वरित महाराष्ट्रात ५,००० रुपये असा ठरविण्यात आला. महिन्याचे २६ दिवस धरले तर ग्रामीण भागातील शिपायाच्या वाट्याला दिवसाला १९२ रुपये येतात. त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावरील मजुरी २३८ रुपये होती. देशाला रोजगार हमीचा मार्ग दाखविणाऱ्या राज्याने आपल्या शाळेतील माणसाची किंमत खडी फोडणाऱ्या मजुराहूनही कमी ठरवावी, हा केवळ काटकसरीचा प्रश्न नाही.

अशा रकमेत पूर्ण वेळ माणूस मिळणे कठीण. परंतु पद गेले म्हणून काम जात नाही. कचरा रोज पडतो, तहान रोज लागते. मग ते काम कोणावर पडते? काही शिक्षकांवर आणि बरेचसे विद्यार्थ्यांवर. घंटा देण्यासाठी एक मुलगा, सूचनांची वही फिरविण्यासाठी दुसरा, पाहुण्यांना चहा देण्यासाठी दोन मुली, अशी नेमणूक हळूहळू अंगवळणी पडते आणि तिला ‘स्वावलंबन’ असे गोंडस नाव मिळते.

येथे समाजवादी विचाराच्या माणसाने गल्लत होऊ देता कामा नये. विद्यार्थ्याने झाडू हाती घेऊ नये, असे म्हणणे हा उच्चवर्णीय अहंकार होय. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले, तेथे सर्व जातींची मुले एकत्र राबत व एका पंक्तीला जेवत. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांच्या खोल्या स्वतः झाडीत. या दोन्ही ठिकाणी श्रम सर्वांचा होता आणि वडीलधारे त्यात पुढे होते. ‘कमवा आणि शिका’ योजनेत मुलाच्या घामाचा मोबदला मुलाच्याच शिक्षणाला मिळे. त्या घामावर कोणा कामगाराची जागा वाचवून तिजोरी भरण्याचा हिशेब तेथे नव्हता.

श्रमदान आणि फुकटचे श्रम यांतील सीमारेषा हीच आहे. पाळी सर्वांची असेल, मुख्याध्यापकांपासून पहिल्या बाकावरच्या मुलापर्यंत असेल आणि त्यासाठी तास बुडत नसेल, तर ते शिक्षण आहे. परंतु पगारी माणसाच्या जागी बिनपगारी मूल उभे केले जाते, तेव्हा निवड आपोआप होत नाही. झाडणे आणि चहा मुलींकडे जातो. स्वच्छतागृहाची बादली कोणाच्या हाती द्यावयाची, हे जात ठरविते. आणि वकिलाचा मुलगा वर्गात बसलेला असताना शेतमजुराचा मुलगा निरोप पोचवीत फिरतो. ज्या शाळेने जातीची उतरंड मोडावयाची, तीच मग ती दहा ते पाच शिकवू लागते.

शासनाकडे पैसा नाही, हा युक्तिवाद जुना आहे. वेतनाचा बोजा अवजड आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु तो हलका करताना सर्वांत खालच्या पायरीवरचा माणूस प्रथम का आठवतो, याचे उत्तर राज्यकर्त्यांनी दिले पाहिजे. निवृत्त होणाऱ्या शिपायाची जागा हे गावातील एखाद्या भूमिहीन घरातील तरुणाचे कायम नोकरीचे एकमेव दार असे. ते दार बंद करून त्याच घरातील धाकट्याला शाळेत झाडू मारावयास लावणे, ही दुहेरी लूट आहे.

कार्यकर्त्यांनी या प्रश्नाची सुरुवात आपल्या गावातील शाळेपासूनच करावी. चतुर्थश्रेणीची किती पदे मंजूर होती, आज किती भरलेली आहेत आणि स्वच्छतागृह कोण धुतो, हे तीन प्रश्न पालकसभेत विचारावेत. मुलांच्या कामाच्या पाळ्या फळ्यावर लिहिल्या जाव्यात आणि त्यांत शिक्षकांची नावेही असावीत, असा आग्रह धरावा. शिक्षकांच्या संघटनांनीही शिक्षकेतर बांधवांची मागणी आपल्या निवेदनात शेवटच्या कलमात न ढकलता पहिल्या कलमात घ्यावी. घंटा देणाऱ्याचा हक्क सुरक्षित राहिला, तरच त्या घंटेनंतर वर्गात शिकविल्या जाणाऱ्या समतेला काही अर्थ राहील.