भोंग्याआधी माईक

रत्नागिरीच्या आसपासच्या कुठल्याही वाडीत नमन ठरलं, गणपतीत जाखडी ठरली, की साऊंडवाल्याला फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, बॉक्स किती लावणार? “दादा, आवाज खालच्या वाडीत जायला होवा,” एवढी एकच अट. माईक कुठला आणणार, हे मला इतक्या वर्षांत क्वचितच कोणी विचारलं आहे. शाळेचं स्नेहसंमेलन असो, ग्रामसभा असो की देवळातला हरिनाम सप्ताह, वर्गणी निघते ती भोंग्यांसाठी आणि बेससाठी. माईक त्यासोबत आपोआप येतो असं सगळे धरून चालतात.

हा क्रम उलटा आहे, असं माझं ठाम मत आहे. माईकने जे पकडलंच नाही, ते कुठलाही बॉक्स ऐकवू शकत नाही. गाणाऱ्याचा शब्द माईकपाशीच पुसट झाला, तर हजारो वॅटमधून तो पुसटपणाच मोठा होऊन बाहेर पडतो. मग मागे बसलेली माणसं ओरडतात, “आवाज वाढवा!” आम्ही वाढवतो, माईक शिट्टी मारतो, शाहीर दचकतो. त्या रात्री खरी गरज असते ती माईक बदलण्याची, निदान चार बोटं पुढे सरकवण्याची.

आता तर दुसरं कारणही आहे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातून 15 दिवसांपर्यंत राज्य सरकार मध्यरात्री 12 पर्यंत सवलत देऊ शकतं, तेवढीच. नियम चांगला आहे, वाडीत आजारी माणसं असतात, परीक्षेची मुलं असतात. आवाज वाढवण्यावर बंधन आलं तर स्पष्टपणा वाढवायला हवा, आणि स्पष्टपणा माईकपासून सुरू होतो.

जाखडीचंच बघा. मधोमध शाहीर, त्याच्या मांडीला मांडी लावून ढोलकीवाला, शेजारी झांज, पाठीमागे कोरस, आणि भोवती रिंगण धरून नाचणारी मुलं, त्यांच्या पायात चाळ. या सगळ्या गदारोळात एकट्या शाहिराचा शब्द उचलायचा असतो. शक्ती आणि तुरा अशा दोन पक्षांच्या सामन्यात शक्तीवाल्याने सवाल टाकला आणि त्यातला एक शब्द जरी झांजेत बुडाला, तर तुरेवाल्याच्या जवाबाला टाळी कशी पडणार? सामन्याची सगळी गंमत त्या शब्दात असते. म्हणून इथे समोरचं ऐकणारा आणि पाठीमागचं सोडून देणारा माईक लागतो, ज्याला कार्डिऑइड म्हणतात. मी माईकचं तोंड शाहिराच्या हनुवटीकडे करतो आणि शेपटी ढोलकीकडे. स्टँड थोडा फिरवला तरी ढोलकी मागे हटते आणि शब्द पुढे येतो. त्यासाठी नवं यंत्र घ्यावं लागत नाही.

हा गुण कुठून येतो, हे माईक हातात धरणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. जाळीच्या मागच्या अंगाला बारीक झरोके असतात. पाठीमागून येणारा आवाज त्यांतूनही आत शिरतो आणि माईकच्या आतल्या पडद्यावर दोन्ही बाजूंनी पोचल्यामुळे बराचसा विरून जातो. आपले वक्ते आणि गायक जोशात आले की माईकची जाळीच मुठीत पकडतात. झरोके बंद होतात, माईक चारी बाजूंचं ऐकायला लागतो आणि बॉक्समधून निघालेला आवाज परत त्यात शिरून शिट्टी वाजते. दोष साऊंडवाल्याला लागतो. माईक दांडीला धरा, तोंडापासून तीन-चार बोटांवर ठेवा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की माईकपाशी पोचणारा आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो, ढोलकी मात्र होती तिथेच असते. आकाशवाणीच्या रत्नागिरी केंद्रावरून आपण वर्षानुवर्षं ऐकलेले आवाज कानाशी बोलल्यासारखे वाटत, कारण खोली शांत आणि माईक जवळ. आणि माईक चालू आहे का हे बघायला त्याला ठोकू नका, फुंकर मारू नका. बोला.

घ्यायचा कुठला? रंगमंचासाठी, देवळासाठी, शाळेसाठी माझं उत्तर एकच आहे, डायनॅमिक. चुंबकाच्या क्षेत्रात हलणारी तारेची गुंडाळी, एवढंच त्याचं पोट. त्याला बाहेरून वीज लागत नाही, तो सहसा बिघडत नाही, हातातून पडला तरी बहुतेकदा उठून बोलतो. अमेरिकेतल्या शुअर कंपनीचा एसएम 58 हा माईक 1966 साली आला आणि आजही जगभरच्या मंचांवर तोच दिसतो. याला मी भाबडी परंपरा मानत नाही, हा साठ वर्षांचा पुरावा आहे. खरा माईक घ्यायला आठ-दहा हजार रुपये मोजावे लागतात. मंडळाला ते जड वाटत असतील तर ओळखीच्या भारतीय कंपनीचा साधा डायनॅमिक माईक घ्यावा, पण हजार-दीड हजारात ‘ओरिजिनल’ म्हणून मिळणारा 58 घेऊ नये. या माईकच्या नकला बाजारात भरपूर आहेत. वरून हुबेहूब तसाच दिसतो, नावही तसंच कोरलेलं असतं, गाणं सुरू झालं की पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं ऐकू येतं.

कंडेन्सर माईक नाजूक आणि बारीक ऐकणारा. स्टुडिओत सतारीची जवारी, गाणाऱ्याचा श्वास टिपायला त्याच्यासारखा दुसरा नाही. त्याला 48 व्होल्टची फँटम पॉवर लागते, ती मिक्सरमधून तारेवाटे जाते. पण आपण राहतो कुठे? रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, समुद्राची खारी हवा बाराही महिने. कंडेन्सरचं काम पडद्यावरच्या विद्युतभारावर चालतं. दमट हवेत तो भार गळायला लागला की तडतड सुरू होते. जुलैत ही तडतड ऐकून लोक वायर बदलतात, मिक्सर बदलतात. माईक हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवला असता तर हा खर्च वाचला असता. पुड्यांनी ओल धरली की त्या बदलायच्या. आमच्याकडे कॅमेऱ्याची भिंगं बुरशीपासून जपणारे फोटोग्राफर हेच करतात.

वायरीबद्दल थोडक्यात सांगतो. जुन्या पद्धतीची, जाड पिनवाली दोन तारांची वायर मंडपात लांब टाकली, शेजारून रोषणाईची माळ गेली, की घुंऽऽ सुरू होतं. तीन पिनांची एक्सएलआर वायर वापरली तर तोच आवाज दोन तारांवर एकमेकांच्या उलट जातो आणि वाटेत मिसळलेली घरघर शेवटी कापली जाते. कॉर्डलेस माईक दिसायला छान. मात्र 2.4 गिगाहर्ट्झवर चालणारे स्वस्त सेट वायफायने आणि मोबाईलने भरलेल्या मांडवात अधूनमधून तुटतात. कीर्तनकार बुवा उभे राहून, फिरून बोलतात, त्यांना बिनवायरीचा माईक हवाच. पण शेजारी वायरीचा एक तयार ठेवावा.

हेडफोनचा विषय निघाला की मंडळाचे लोक म्हणतात, ते आम्हाला कशाला? मिक्सरवर बसणारा मुलगा बहुतेक वेळा बॉक्सच्या बाजूला, कोपऱ्यात असतो. त्याच्या कानावर नुसता बेस आदळत असतो. कानावर घट्ट बसणारा, बंद पाठीचा हेडफोन असेल तर त्याला एकेक माईक सुटा ऐकता येतो. कुठला खरखरतोय, कुठला बंद आहे, शाहीर बाजूला सरकलाय का, हे प्रेक्षकांच्या आधी कळतं. सोनीचा एमडीआर 7506 आणि सेनहायझरचा एचडी 25 हे या कामातले जुने, भरवशाचे हेडफोन. त्याहून स्वस्तही चालतील. ‘एक्स्ट्रा बेस’ लिहिलेला मात्र कामाला घेऊ नये. तो कानाला खोटा बेस दाखवतो, त्याला भुलून ऑपरेटर मिक्सरवरचा बेस कमी करतो आणि समोर बसलेल्यांना किरटा आवाज मिळतो.

आपल्या हवेत हेडफोनचं आणखी एक दुखणं आहे. कानावरच्या गाद्यांचं नकली चामडं घामाने आणि दमटपणाने सुटतं आणि त्याची काळी साल गालाला, केसांना चिकटते. म्हणून विकत घेताना दुकानदाराला आधी हेच विचारा, गादी आणि वायर सुटी मिळते का? कापडी किंवा मखमली गाद्यांवर साल धरत नाही, बाहेरचा आवाज मात्र त्या थोडा जास्त आत घेतात. सुटे भाग मिळणारा हेडफोन पुष्कळ वर्षं चालतो. न मिळणारा गादी गेली की फेकावा लागतो, मग तो कितीही महागाचा असो.

घरासाठी घेणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. मुंबई-पुण्याची नोकरी गावच्या घरातून करणारी मुलं इथे आता बरीच आहेत, यूट्यूबवर धडे देणारे शिक्षक आहेत, गोष्टी वाचून ध्वनिमुद्रित करणाऱ्या गृहिणी आहेत. त्यांच्यातले बरेच जण जाहिरात बघून टेबलावर ठेवायचा कंडेन्सर माईक मागवतात. घराला पत्रा, बाहेर पाऊस, वर पंखा, शेजारी कुत्रा. माईक सगळं तितक्याच आस्थेने ऐकतो. जांभ्याच्या भिंतीला गिलावा आणि खाली लादी असली की खोली घुमतेही. अशा घरात तोंडाजवळ धरायचा डायनॅमिक माईक बरा, आणि खोलीत गोधड्या, पडदे, कपड्यांनी भरलेलं कपाट असलेला कोपरा निवडावा.

ऑनलाइन मीटिंगसाठी महागडा ब्लूटूथ हेडफोन घेऊन फसलेले अनेक जण भेटतात. गाणी ऐकताना तो सुरेख वाजतो. मीटिंगमध्ये त्याचाच माईक चालू झाला की तो बहुतेक वेळा फोनवर बोलण्याच्या हलक्या प्रतीत जातो, आणि दोन्हीकडचा आवाज एकदम चपटा होतो. तोंडापाशी दांडी येणारा वायरीचा साधा हेडसेट या कामाला सरस. पेटी-तबल्यावर रियाज मुद्रित करणाऱ्यांनी तर ब्लूटूथ कानाला लावूच नये. आवाज एका सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्याएवढा मागून येतो, आणि तेवढ्याने तालाचा मेळ जातो. आजूबाजूचा आवाज कापणाऱ्या हेडफोनचा खरा उपयोग एसटीत, रेल्वेत, पंख्याखाली. सलग घरघर तो कापतो, माणसांचं बोलणं तितकं नाही.

मुलांच्या कानांबद्दल मला मनापासून काळजी वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा मोठ्यांसाठी आठवड्याला 40 तास 80 डेसिबल आणि मुलांसाठी 75 डेसिबल अशी आहे, आणि आवाज दर 3 डेसिबलने वाढला की तो वेळ निम्मा होतो. हेडफोन लावलेल्या मुलाला हातभर अंतरावरून मारलेली हाक ऐकू आली नाही, तर आवाज लगेच कमी करायला सांगा. ऐकू येण्याची शक्ती गेली की ती परत येत नाही.

आणि ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं, ते आता सांगतो. जुने गण, गौळणी, शक्ती-तुऱ्याचे सवाल-जवाब पाठ असलेली माणसं आपल्या वाड्यावाड्यांत अजून आहेत, आणि दर पावसाळ्यानंतर त्यातलं कोणीतरी कमी झालेलं असतं. त्यांची गाणी मोबाईलवर लांबून, बॉक्समधून येणाऱ्या घुमत्या आवाजात घेतलेली सापडतात. शब्द लागत नाहीत. कॉलरला लावायचा वायरीचा माईक हजार-बाराशे रुपयांत येतो. फोनला तो जोडा, पंखा बंद करा, आजोबांना ओटीवर बसवून माईक छातीवर, हनुवटीपासून वीतभर खाली लावा. उघड्यावर वारा असेल तर माईकवर स्पंजची टोपी चढवा. आधी दोन ओळी गाऊन घ्या, बंद पाठीचा हेडफोन लावून लगेच ऐका, खरखर असेल तर तिथेच दुरुस्त करा आणि मगच पुढचं घ्या. मूळ फाईल जपून ठेवा, कारण व्हॉट्सअॅपवर पाठवलेली प्रत बऱ्याचदा दाबलेली असते.

येत्या गणपतीसाठी वर्गणी ठरवायला मंडळं बसतील तेव्हा दोन नवे बॉक्स वाढवण्याऐवजी दोन चांगले डायनॅमिक माईक, त्यांच्या एक्सएलआर वायरी आणि एक हेडफोन घ्या. शाळांनीही स्नेहसंमेलनाच्या खर्चात आधी हेच बसवावं. आणि साऊंडवाल्याला फोन कराल तेव्हा पहिला प्रश्न माईकचा विचारा.