माउसवरचा हात आणि रांगेतला माणूस

दहावी-बारावीचे निकाल लागले की हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गावी उत्पन्नाच्या, रहिवासाच्या, नॉन-क्रिमीलेअरच्या दाखल्यांसाठी सेवा केंद्रांपुढे रांगा लागतात. उशिराचे खापर सर्व्हरवर फुटते आणि बऱ्याचदा ते रास्तही असते. पण एक उशीर आपण हिशेबातच धरत नाही. अर्ज भरणाऱ्याचा हात कळफलकावरून माउसकडे आणि माउसवरून पुन्हा कळफलकाकडे दिवसभर येरझारा घालतो, तो हा उशीर. कळफलकाचे शॉर्टकट म्हणजे हौशी मंडळींची करामत, असा आपला समज आहे. माझ्या मते ते टंकलेखनाइतकेच पायाभूत कौशल्य आहे आणि ते शिकवून, परीक्षेत तपासूनच घ्यायला हवे.

या येरझाऱ्यांची मोजदाद फार पूर्वी झाली आहे. कार्ड, मोरान आणि न्यूएल या संशोधकांनी १९८० साली मांडलेल्या हिशेबानुसार पेशाने टंकलेखक नसलेल्या सरासरी माणसाला एक कळ दाबायला सुमारे ०.२८ सेकंद लागतात. हात कळफलकावरून माउसवर न्यायला ०.४ सेकंद लागतात, तर बाण नेमक्या जागी न्यायला १.१ सेकंद. उजवी क्लिक, मग यादीतून ‘कॉपी’, मग हात परत कळफलकावर, असे केले तर तीन सेकंदांहून जास्त जातात. कंट्रोल-सीला अर्ध्या सेकंदाच्या आसपास. एका अर्जात अशी कामे पुन्हापुन्हा येतात. टॅब दाबून पुढच्या रकान्यात जाता येते, शिफ्ट-टॅबने मागे. जिल्ह्यांची यादी इंग्रजीत असेल तर एच दाबताच बहुधा हिंगोली निवडले जाते, कारण महाराष्ट्रात त्या अक्षराचा दुसरा जिल्हाच नाही. मराठी-इंग्रजीची अदलाबदल विंडोज-स्पेसने होते, तर पोर्टल आणि स्कॅन केलेली कागदपत्रे यांच्यात ये-जा करायला ऑल्ट-टॅब पुरते.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप ॲपलमध्ये काम केलेल्या ब्रूस टोग्नाझिनी यांचा आहे. कळा वेगवान वाटतात, पण घड्याळ लावले की माउसच पुढे असतो, कारण शॉर्टकट आठवण्यात वेळ जातो आणि तो आपल्याला जाणवत नाही, असे त्यांनी १९८९ साली लिहिले. कधीमधी वापरायच्या शॉर्टकटबाबत हे मान्य करायला हवे. पण दिवसातून शेकडो वेळा लागणारी कळ आठवावी लागत नाही. बोटांना ती पाठ होते. म्हणून शंभर शॉर्टकटचे तक्ते भिंतीवर चिकटवण्यात अर्थ नाही, रोजच्या कामाचे दहा पुरे. सवयीने ते आपोआप येतील, हेही खरे नव्हे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात वर्डचे अनुभवी वापरकर्तेसुद्धा नेहमीच्या आज्ञांसाठी बहुतेक वेळा चित्रांवरच क्लिक करताना आढळले.

घाईत चुका वाढतील, ही भीतीही बोलून दाखवली जाते. आधार क्रमांक पुन्हा टाइप करण्यापेक्षा कॉपी-पेस्ट केला तर अंक चुकण्याची शक्यता कमीच, आणि चूक झालीच तर कंट्रोल-झेड आहे. एक सावधगिरी मात्र खरी आहे. विंडोज-व्ही ही सोय चालू असेल तर कॉपी केलेल्या शेवटच्या २५ गोष्टी संगणक लक्षात ठेवतो, म्हणजे एकाचा आधार क्रमांक दुसऱ्याच्या अर्जाच्या वेळी समोर येऊ शकतो. सामाईक संगणकावर ती बंद ठेवावी. जागेवरून उठताना विंडोज-एल दाबून पडदा कुलूपबंद करणे हाही शॉर्टकटच, आणि माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाचा. राहिला सर्व्हर. तो संथ असतो म्हणून आपल्या हातातले सेकंदही सोडून द्यावेत, हा युक्तिवाद मला पटत नाही.

शिकवण्या-तपासण्याची व्यवस्था आपल्याकडे आहेच. संगणक साक्षरतेची एमएस-सीआयटी २००१ पासून सुरू आहे आणि तिचे प्रमाणपत्र घरोघर पोहोचले आहे. शासकीय संगणक टंकलेखन परीक्षेत मिनिटाला ३० किंवा ४० शब्दांचा वेग तपासतात. पण खिडकीवरचे काम म्हणजे सलग उतारा टाइप करणे नव्हे. ते रकाने, याद्या आणि फाइलींचे काम आहे. म्हणून राज्य परीक्षा परिषदेने टंकलेखनाच्या परीक्षेत माउसला हात न लावता एक पूर्ण अर्ज भरण्याचा प्रश्न घालावा. त्याला नवे यंत्र लागत नाही, नवे सॉफ्टवेअरही लागत नाही.