‘फालतू’ म्हणण्याआधी...

बालमित्रांनो,

परवा मधल्या सुट्टीत वर्गात कार्टूनवरून वाद जुंपला. ‘मालिकाच भारी!’ ‘छे, गेम भारी!’ एक मुलगा मात्र हिरमुसून बसला होता. त्याच्या आवडत्या मालिकेला सगळ्यांनी ‘फालतू’ ठरवलं होतं. मग मी त्यांना एक खरी गोष्ट सांगितली.

१९७९ साली जपानमध्ये ‘मोबाइल सूट गंडाम’ ही मालिका सुरू झाली. अवकाशातलं युद्ध, अवाढव्य यंत्रमानव आणि त्याच्या आत बसून तो चालवणारा १५ वर्षांचा आमुरो! पण प्रेक्षकच मिळेनात. ५२ भाग ठरले होते, ४३ भागांतच गाशा गुंडाळावा लागला.

ज्यांना ती आवडली, ते मात्र तिच्याबद्दल बोलत राहिले. मालिका पुन्हा दाखवली गेली. १९८० साली यंत्रमानवाचे सुटे भाग जोडायचे प्लॅस्टिकचे संच आले, ते हातोहात खपले. १९८१-८२ मध्ये तिच्यावरून तीन चित्रपट निघाले, गाजले. पुढे गेमही आले.

तेव्हा वाद जरूर घाला. पण आधी विचारा, ‘तुला त्यात काय आवडलं?’

आम्ही विचारलं. तो मुलगा असा काही रंगून सांगू लागला, की घंटा झाली तरी कुणी जागेवर जाईना!

– तुमच्या बाई