जुन्या मोटारीची तेलगळती : आधी शोध, मग पाना

ॲम्बॅसडर मोटारीचे उत्पादन २०१४ साली थांबले. तरी काही शेतकऱ्यांच्या दारी ती अद्यापि उभी आढळते आणि लग्नकार्यास, दवाखान्यास व बाजारास उपयोगी पडते. अशा मोटारीखाली सकाळी तेलाचा काळा डाग दिसला की मालक एक तर ‘जुनी गाडी गळायचीच’ म्हणून दुर्लक्ष करतो, अथवा तालुक्याच्या गॅरेजात जाऊन इंजिन उतरविण्याच्या खर्चास होकार देतो. हे दोन्ही मार्ग सारखेच नुकसानीचे होत. तेल कमी पडून बेअरिंगे जळाली म्हणजे इंजिनच हातचे जाते. आणि इंजिन उतरविण्याची गरज पुष्कळदा नसतेच.

तेल पाझरते एकीकडे व ठिबकते दुसरीकडे, हे मुख्यतः ध्यानी घेतले पाहिजे. वरच्या टॅपेट कव्हरमधून निघालेले तेल इंजिनच्या अंगावरून ओघळते, वाऱ्याने मागे ढकलले जाते आणि चेंबरच्या मागील कडेवरून खाली पडते. पाहणाऱ्यास वाटते, मागचे सीलच गेले. याकरिता इंजिन थंड असता डिझेल व ब्रशाने स्वच्छ धुवावे, पूर्ण कोरडे होऊ द्यावे आणि त्यावर खडूची भुकटी उडवावी. नंतर मोकळ्या जागेत इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालवून बंद करावे. पांढऱ्या भुकटीवर पहिली ओली रेघ जेथे उमटेल, तेथे गळतीचे मूळ समजावे. हे काम घरी अधिक चांगले होते, कारण मालकास वाट पाहण्यास सवड असते. गॅरेजात ती क्वचितच मिळते. मात्र केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली शिरू नये. भक्कम लाकडी ठोकळे द्यावेत.

मूळ सापडले तरी लगेच पाना उचलू नये. पिस्टनच्या रिंगांमधून निसटलेला वायू बाहेर जाण्यासाठी इंजिनास ब्रीदरची नळी असते. ती काजळीने तुंबली की आतील दाब वाढतो आणि तेल प्रत्येक सांध्यातून बाहेर रेटले जाते. अशा इंजिनात नवे पॅकिंगही टिकत नाही. नळी साफ करण्यास काही खर्च नाही, तरी तिची आठवण सर्वांत शेवटी व्हावी हे नवल! नळी साफ असूनही तेल भरण्याच्या तोंडातून धुराचे फुत्कार येत असतील, तर रिंगा झिजल्या असे समजावे.

बुचाच्या पॅकिंगची गळती थांबविण्यासाठी नट कचकचून आवळण्याची सवय घातक आहे. त्याने पत्र्याचे कव्हर छिद्रांभोवती दबते व मधला भाग उचलला जातो. कव्हर काढून ती कड लाकडावर हलक्या हाताने ठोकून सपाट करावी. पॅकिंग सुकून आखडले असल्यास थोडा वेळ पाण्यात भिजवून बसवावे. चिकट लेप भरपूर थापणेही वाईट. त्याचे तुकडे आत पडून तेलपंपाची जाळी बंद करतात.

काढलेले जळके ऑईल विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नये. जनावरांच्या खरजेवर ते लावण्याची चाल तर सर्वस्वी टाकून द्यावी. कातडीस ते अपायकारक आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे आवर्जून सांगावे.

राहता राहिले मागचे सील. या मोटारीच्या जुन्या १४८९ घनसेंटिमीटर पेट्रोल इंजिनात तेथे रबरी सील नसून, तेल परत चेंबरात ढकलणारे आटे क्रँकवरच कापलेले असतात. त्यामुळे रात्रभरात दोन-चार थेंब पडणे हा बिघाड नव्हे. खाली पत्र्याचे भांडे ठेवावे व दर आठवड्यास डिपस्टिक पाहावी. तेल क्लचपर्यंत पोहोचून चढावर क्लच घसरू लागला, तरच गाडी मिस्त्रीकडे न्यावी.