खपाचा आकडा आणि रसिकाचा निर्णय

एखादी ध्वनिमुद्रिका लाखांनी खपली की तिच्याविषयी बोलणाऱ्यांचे दोन तट पडतात. एक तट म्हणतो, ज्या अर्थी ती इतक्या लोकांस आवडली त्या अर्थी ती थोर असलीच पाहिजे. दुसरा म्हणतो, ज्या अर्थी ती इतक्या लोकांस आवडली त्या अर्थी ती हलकीच असली पाहिजे. हे दोन्ही पक्ष एकमेकांस तुच्छ लेखतात; परंतु आमच्या मते दोघांचा धनी एकच आहे. पहिला आकड्यास नमस्कार घालतो, दुसरा तोच आकडा पाहून नाक मुरडतो. गाणे कान देऊन ऐकण्याची तसदी मात्र दोघेही घेत नाहीत.

हा आरोप आम्ही मोघम करीत नाही. अमेरिकेतील पॉल सायमन व आर्ट गारफंकल या गायकद्वयाची 'ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर' ही ध्वनिमुद्रिका जानेवारी १९७० मध्ये निघाली. अमेरिकेच्या खपाच्या यादीत ती १० आठवडे अग्रस्थानी राहिली. इंग्लंडात १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ दोन वर्षे सर्वांत अधिक खपलेली ध्वनिमुद्रिका तीच होती. १९७१ मध्ये तिला वर्षातील सर्वोत्कृष्ट आल्बमचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. जगभर तिच्या अडीच कोटींहून अधिक प्रती गेल्याचे सांगतात. आकडेपूजकांस याहून अधिक काय हवे?

त्यांनी याच जोडीचा पूर्वेतिहास पाहावा, अशी आमची विनंती आहे. १९६४ च्या ऑक्टोबरात त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली आणि सपशेल पडली. निराश होऊन सायमन इंग्लंडात गेले, गारफंकल अभ्यासाकडे वळले. पुढे १९६५ मध्ये टॉम विल्सन या निर्मात्याने, दोघांसही न विचारता, त्यांतील 'द साउंड ऑफ सायलेन्स' या गीतास विजेची गिटार व ढोल-ताशांच्या जातीची पाश्चात्य तालवाद्ये यांची साथ जोडली. जानेवारी १९६६ मध्ये ते गीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते. शब्द तेच, चाल तीच, गळेही तेच! मग १९६४ मध्ये जे गीत कवडीमोल होते ते सव्वा वर्षात अमूल्य झाले असे मानावयाचे काय? आकड्याने साथीचा आणि काळाचा बदल मोजला असेल. कवित्व मोजले नाही.

आता नाक मुरडणाऱ्यांकडे वळू. गोड आहे, सोपे आहे, बाजारू आहे, असा त्यांचा शेरा तयारच असतो. परंतु ज्या गीतावरून ध्वनिमुद्रिकेस नाव मिळाले ते एकदा तरी शांतपणे ऐकावे. त्याची प्रेरणा सायमन यांस कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या 'गॉस्पेल' भक्तिगायनातून मिळाली. बराच वेळ एक पियानो आणि गारफंकल यांचा एकटा स्वर. इतर वाद्ये पुढे हळूहळू येतात आणि शेवटच्या कडव्यात सारा वाद्यवृंद भरून येतो. त्याच गीतास अरीथा फ्रँकलिन यांनी पुढे पुन्हा भक्तिगायनाच्या धाटणीत गायिले, तेव्हा त्याचा मूळ वंश कोणता हे उघड झाले. 'द बॉक्सर' या एका गीतावर या मंडळींनी शंभराहून अधिक तास खर्चिले आणि त्याच्या काही भागासाठी कोलंबिया विद्यापीठाचे प्रार्थनामंदिर गाठले. हे श्रम बाजारूपणाचे लक्षण नव्हेत.

उलट, सारेच सोने आहे असेही आम्ही म्हणत नाही. मैफलीत मुद्रित केलेले 'बाय बाय लव्ह' हे दुसऱ्यांचे जुने गाणे आम्हांस निव्वळ भरतीचे वाटते. अडीच कोटी प्रतींत ते गेले म्हणून आमचे मत बदलण्याचे कारण नाही.

विक्रीच्या खतावणीत आणखी एक गोष्ट चढत नाही, ती म्हणजे ऋण. 'एल कोंडोर पासा' या गीताची चाल पेरू देशातील संगीतकार दानिएल आलोमिया रोब्लेस यांनी १९१३ मध्ये रचली. सायमन यांनी ती लॉस इंकास या वादकसंचाकडून ऐकली. ती जुनी लोकधून आहे असे त्यांस सांगण्यात आले, आणि तिजवर त्यांनी आपले इंग्रजी शब्द बसविले. रोब्लेस यांच्या पुत्रास न्यायालयात जावे लागले. सुदैवाने तंटा सलोख्याने मिटला. प्रती खपत असता त्या पेरूवासी रचनाकाराचे नाव आकड्याने कोणास विचारले होते काय?

कोणी म्हणेल, तुम्ही लोकांची आवड क्षुद्र मानता. मुळीच नाही. लोकांस काही तरी आवडले, ही गोष्ट खरी आणि आदरणीय आहे. परंतु काय आवडले, शब्दांतील दिलासा की गळ्याची आर्तता, की शेजाऱ्याने घेतली म्हणून आपणही घेतली, हे आकडा सांगत नाही. एवढे यश पदरात पडले त्याच वर्षी ती जोडी फुटली, आणि तीच त्यांची अखेरची स्टुडिओत घडविलेली ध्वनिमुद्रिका ठरली. खुद्द कर्त्या दोघांस जो आकडा एकत्र ठेवू शकला नाही, तो आमच्या अभिरुचीचा न्यायाधीश कसा व्हावा?

आज तर गाणे ऐकू येण्याआधीच ते किती जणांनी ऐकले ही संख्या पडद्यावर त्याच्याखाली दिसते. घरातील मुले ती पाहून गाणे लावतात आणि वडील मंडळी तीच पाहून ते बंद करावयास सांगतात. आमचे दोघांसही एकच मागणे आहे. मुलांनी आपल्या आवडत्या गाण्याचा गुण संख्येचा उल्लेख न करता दोन वाक्यांत सांगून दाखवावा. आणि वडिलांनी ते शेवटच्या कडव्यापर्यंत ऐकल्यावाचून त्यास नावे ठेवू नयेत. एवढे झाले, तरी घरात गाण्यावरून जो वाद होईल तो निदान गाण्याविषयी असेल.