बोलू द्या, ऐकून घ्या

मुलाला ताप आला की आपण कपाळावर हात ठेवून बघतो, डॉक्टरांकडे धावतो. पण तेच मूल गप्प गप्प राहू लागले किंवा एकाएकी उलट बोलू लागले, की आपण म्हणतो, ‘लाडाने बिघडला.’ या बाबतीत आम्ही शिक्षकही मागे नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आठवीतला एक मुलगा एका सरांचा अगदी लाडका. सर दोन महिने प्रशिक्षणासाठी बाहेरगावी गेले. परत आले तेव्हा हा मुलगा त्यांच्याशी धड बोलेना, उद्धटपणे वागू लागला. आम्ही प्रगतिपुस्तकात ‘वर्तन असमाधानकारक’ असा शेरा मारून मोकळे झालो. आई भेटायला आली. सहज बोलता बोलता म्हणाली, ‘‘याचे वडील बोटीवर असतात. सुटीवर घरी आले, की हा पहिले पंधरा दिवस त्यांच्याशीही असाच वागतो.’’ आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. राग सरांवर नव्हताच. ‘सोडून जाणाऱ्या’ माणसावरचा तो राग होता, आणि हे त्या मुलालाही ठाऊक नव्हते.

एका माणसाविषयीची भावना नकळत दुसऱ्यावर ओतली जाते, हे सिग्मंड फ्रॉइड यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मांडले. मनोविश्लेषणाची सुरुवात झाली ती ऐकण्यातून. व्हिएन्नातले डॉक्टर योसेफ ब्रॉयर यांनी १८८० ते १८८२ या काळात बर्था पापेनहाइम या तरुणीवर उपचार केले. मनात साचलेले बोलून टाकले की तिला हलके वाटे. या पद्धतीला तिनेच ‘बोलण्याचा उपचार’ असे नाव दिले आणि थट्टेने ‘धुराडे साफ करणे’ असेही म्हटले. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी १८९५ साली आपल्या पुस्तकात ही हकिगत छापली. ती लगेच बरी झाली असे मात्र नाही. पुढेही तिला रुग्णालयात राहावे लागले. पण हीच बाई नंतर मोठी समाजसेविका झाली आणि १९०४ साली तिने जर्मनीत ज्यू स्त्रियांची संघटना उभारली.

आपल्या देशातही ही विद्या नवी नाही. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली कोलकात्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. मनोविश्लेषक सुधीर कक्कर तर अनेक वर्षे आपल्या गोव्यातच राहत होते. २०२४ साली ते निवर्तले. ते मुळात इंजिनिअरिंग शिकलेले! अहमदाबादेत एरिक एरिक्सन यांची भेट झाली आणि त्यांची वाट बदलली. मुलाने इंजिनिअरच व्हावे म्हणून हट्ट धरणाऱ्या पालकांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

फ्रॉइड यांचे सगळेच म्हणणे आज कोणी मानत नाही. पूर्ण मनोविश्लेषण वर्षानुवर्षे चालते, खर्चिक असते आणि गंभीर आजारात मानसोपचारतज्ज्ञांची औषधेही लागतात. शाळेत मनोविश्लेषण करावे असे आमचे म्हणणे मुळीच नाही. पण त्यातले दोन धडे आपण घेऊ शकतो. वागण्यामागे काही कारण असते, आणि ते माणसाला स्वतःलाही ठाऊक असेलच असे नाही. तसेच, न रागावता, उपदेश न करता ऐकणारे कोणी भेटले, की ते कारण हळूहळू ओठांवर येते आणि एकदा उमगले की त्याचा जोर कमी होतो.

म्हणून विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे. नव्या इमारतीच्या आराखड्यात एक छोटी खोली समुपदेशनासाठी ठेवावी आणि आठवड्यातून दोन दिवस प्रशिक्षित समुपदेशक यावा. तिथे मुलाने सांगितलेले शिक्षकांच्या खोलीत चर्चेला येता कामा नये. मुलाच्या किंवा इतर कोणाच्या जिवाला धोका असेल, तेवढाच अपवाद. आपला गाव लहान. एकदा बोभाटा झाला की पुन्हा कोणी त्या खोलीची पायरी चढणार नाही.

पालकांनो, तुमच्याकडे तर खोलीही मागायची नाही. रात्री जेवताना दहा मिनिटे टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवा. ‘किती मार्क पडले?’ याऐवजी ‘आज काय झाले?’ एवढेच विचारा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका.

आणि विद्यार्थी मित्रांनो, मनातले सांगणे हा दुबळेपणा नव्हे. त्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावरचा शेरा आम्ही नंतर खोडला. तो लिहिण्याआधीच त्याला विचारायला हवे होते, ही चूक आमची.